टाकाऊतून टिकाऊ : डेट्रॉइटच्या एका गल्लीची गोष्ट

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला एक शब्दप्रयोग हमखास कानावर पडतो, ‘टाकाऊतून टिकाऊ’. रिकाम्या बाटलीची फुलदाणी होते, जुन्या लग्नपत्रिकांचे आकाशकंदील होतात, करवंटीची वाटी होते. मुले ती वस्तू हौसेने घरी नेतात, अम्मी कौतुकाने शोकेसमध्ये ठेवते आणि ईदच्या साफसफाईत ती गुपचूप कचऱ्यात जाते. टाकाऊ वस्तूपासून काहीतरी बनवणे फारसे कठीण नाही. बनवलेले टिकवणे कठीण आहे.

आता फुलदाणीच्या जागी एक अख्खे घर आहे असे समजा. मालक निघून गेलेला, दारे-खिडक्या चोरीला गेलेल्या, अंगणात गवत माजलेले. अशा ओसाड घरांवर लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू लावून एका माणसाने आपल्या गल्लीचे रूपच पालटून टाकले. ही गल्ली अमेरिकेत, डेट्रॉइट शहराच्या पूर्व भागात आहे. तिचे नाव हायडलबर्ग स्ट्रीट आणि त्या माणसाचे नाव टायरी गायटन. जगभरातून लोक ही गल्ली पाहायला आले. ती दोनदा पाडली गेली आणि पुढे अनेकदा पेटली. पडीक घराला नवे आयुष्य द्यायचे तर काय काय लागते, हे या गल्लीकडून शिकण्यासारखे आहे.

शहर ओसाड कसे पडले?

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायस्लर या कंपन्यांनी ते घडवले. कारखान्यात हमखास काम मिळते म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे इथे येऊन राहिली. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. पुढे कारखाने शहराबाहेर आणि दुसऱ्या राज्यांत जाऊ लागले. गोरी कुटुंबे उपनगरांत राहायला गेली. जुलै १९६७ मध्ये शहरात मोठा उद्रेक झाला. त्यात ४३ माणसे मेली, ७ हजारांहून अधिक लोकांना अटक झाली आणि वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. त्यानंतर शहर सोडणाऱ्यांचा ओघ वाढतच गेला. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ७ लाख १४ हजारांवर आली होती आणि जुलै २०१३ मध्ये शहराच्या प्रशासनाने दिवाळखोरीचा अर्ज केला. गिरण्या बंद झाल्यावर मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

माणसे गेली, घरे मागे राहिली. गल्लीत एक घर रिकामे पडले की आधी तांब्याच्या तारा आणि नळ चोरीला जातात. मग नशा करणारे आत बसू लागतात. मग कोणीतरी काडी लावते. शेजारच्या घराची किंमत उतरते आणि तोही घर सोडतो. डेट्रॉइटमध्ये तर ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस रिकाम्या घरांना आगी लावण्याची विकृत प्रथाच पडली होती. १९८४ साली अशा तीन रात्रींत ८०० हून अधिक आगी लागल्याची नोंद आहे.

आजोबांनी दिलेला ब्रश

टायरी गायटनचा जन्म १९५५ चा. तो याच गल्लीत वाढला. १९६७ च्या आगी त्याने पाहिल्या तेव्हा त्याला बारावे वर्ष चालू होते. त्याचे आजोबा सॅम मॅकी घरांना रंग देण्याचे काम करत. नातवाच्या हाती पहिला ब्रश त्यांनीच दिला. मोठेपणी गायटनने सैन्यात नोकरी केली, फोर्डच्या कारखान्यात आणि अग्निशमन दलात काही काळ काम केले, कलाशाळेतही शिक्षण घेतले. पुन्हा गल्लीत पाहतो तर एकामागून एक घर ओस पडलेले आणि मोकळ्या भूखंडांवर कचऱ्याचे ढीग.

१९८६ साली त्याने, त्याच्या पत्नीने आणि आजोबांनी साफसफाईला सुरुवात केली. गल्लीतली मुले मदतीला आली. कचरा उचलता उचलता त्यातल्या वस्तू बाजूला निघू लागल्या. हात तुटलेल्या बाहुल्या, बंद पडलेले टेलिफोन आणि टीव्ही, घड्याळे, टायर, मोटारींची बॉनेटे, झाडून काढायची यंत्रे, एकेकटे उरलेले बूट. हे सगळे फेकून देण्याऐवजी गायटनने रिकाम्या घरांच्या भिंतींवर, छपरांवर, कुंपणांवर आणि झाडांवर लावायला घेतले. एका घरावर आकडेच आकडे रंगवले. एका घराच्या भिंती जुन्या गाण्यांच्या तबकड्यांनी मढवल्या. एक घर मऊ कापडी खेळण्यांनी भरून गेले.

घराण्याच्या स्वतःच्या घरावर मात्र रंगीबेरंगी ठिपके आले. लाल, पिवळे, निळे, हिरवे, लहान-मोठे. सॅम आजोबांना गोळ्या खाण्याची फार आवड होती आणि त्या रंगीत गोळ्यांवरून हे ठिपके सुचले असे सांगतात. रंग वेगवेगळे, पण बरणी एकच, माणसांचेही तसेच, असा त्यामागचा विचार. रंगभेदाने पोळलेल्या शहरात हे ठिपके रस्त्यावर, झाडांवर, पडक्या भिंतींवर पसरत गेले आणि या गल्लीची ओळख बनले.

झाडांवर टांगलेल्या बुटांची गोष्ट मात्र मन सुन्न करते. सॅम आजोबा दक्षिणेतून आलेले. तिथे जमावाने कृष्णवर्णीय माणसांना झाडाला लटकवून मारल्याच्या आठवणी त्यांनी नातवाला सांगितल्या होत्या. खालून पाहणाऱ्याला दिसत ते फक्त त्या माणसांच्या बुटांचे तळवे. गायटनने फांद्यांवर जुने बूट टांगले ते ही आठवण पुसली जाऊ नये म्हणून. परक्या पाहुण्याला ते जुने बूट वाटतात. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ते आपल्या घराण्याचा इतिहास वाटतात.

आणखी एक गोष्ट घरोघरच्या दादाजान-नानाजानना सांगण्यासारखी आहे. सॅम मॅकी आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती रंगवत राहिले. या कामात उतरल्यावर, वयाच्या नव्वदीच्या आसपास, त्यांनी स्वतः चित्रे काढायला घेतली. १९९२ साली ते वारले, पण तोवर त्यांच्या चित्रांचीही कलाजगताने दखल घेतली होती.

दोनदा पाडले, मग पेटवले

पाहुणे येऊ लागले, मासिकांतून फोटो छापून आले, नाव झाले. तरीही नोव्हेंबर १९९१ मध्ये महापौर कोलमन यंग यांच्या प्रशासनाने यंत्रे पाठवून यातली काही घरे पाडली. गायटनने पुन्हा काम उभे केले. फेब्रुवारी १९९९ मध्ये, महापौर डेनिस आर्चर यांच्या काळात, पुन्हा पाडापाडी झाली. या वेळी प्रकरण न्यायालयातही गेले होते, पण घरे वाचली नाहीत. गंमत म्हणजे हे दोन्ही महापौर कृष्णवर्णीय होते. तेव्हा या भांडणाकडे नुसते गोरे विरुद्ध काळे असे पाहून चालत नाही.

गायटनने तिसऱ्यांदा हातात हातोडा घेतला. २००८ साली व्हेनिसच्या जागतिक वास्तुकला प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात या कामाचा समावेश झाला. पण मे २०१३ पासून घरांना आगी लागू लागल्या. वर्ष-दीड वर्षात सुमारे डझनभर आगी लागल्या. त्या मुद्दाम लावल्या असाव्यात असा तपास करणाऱ्यांचा संशय होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये तबकड्यांचे घर जळाले. घड्याळांचे गेले, खेळण्यांचे गेले. लोकवर्गणी काढून दिवे आणि कॅमेरे बसवावे लागले. २०१६ साली गायटनने जाहीर केले की, ही तीस वर्षांची मांडणी आपण स्वतःच्या हाताने हळूहळू उतरवणार आणि इथे कलाकारांची, रहिवाशांची वस्ती उभी राहावी यासाठी काम करणार. ठिपक्यांचे घर त्याने राखले.

शेजाऱ्याचे म्हणणे

अशी गोष्ट ऐकली की आपण लगेच कलाकाराच्या बाजूने उभे राहतो. पण हायडलबर्ग स्ट्रीटवर राहणाऱ्या काही कुटुंबांची तक्रार खरी होती. त्यांचे म्हणणे असे की, आधीच आमच्या गल्लीत कचरा होता, आता तोच कचरा खिळ्यांनी ठोकून कायमचा केला. रविवारी दारात परक्यांच्या गाड्या उभ्या राहतात. लोक आमच्या घराचे, आमच्या मुलांचे फोटो काढतात. आम्ही काय प्रदर्शनातली माणसे आहोत?

शेजाऱ्याचा हक्क ही आपल्याकडे लहानपणापासून शिकवली जाणारी गोष्ट आहे. आपल्या चुलीच्या धुराचा त्याला त्रास होऊ नये इथपर्यंत आपण काळजी घेतो. मग समोरच्या भिंतीवर आपण काय लावले, हे त्याला रोज सकाळी दार उघडताच पाहावे लागते, हा त्याचा प्रश्न नाही का? दुसरीकडे त्याच गल्लीतली अनेक मुले याच कामात रंग धरायला शिकली. गायटनच्या संस्थेने शाळांत जाऊन मुलांना कला शिकवण्याचे काम चालवले. पाहुण्यांची वर्दळ होती म्हणून गल्लीतून चालताना भीती वाटेनाशी झाली, असे सांगणारे रहिवासीही होते. दोन्ही बाजू खऱ्या होत्या.

आणखी एक धागा कागदपत्रांचा आहे. ज्या पडीक घरांवर आणि भूखंडांवर गायटन काम करत होता, त्यांतली बरीचशी त्याच्या मालकीची नव्हती. पुष्कळ जागा शहराच्या नावावर होत्या. श्रम त्याचे, कल्पना त्याची, पण जमीन दुसऱ्याची. म्हणूनच यंत्रे आली तेव्हा त्याच्या हाती अडवण्यासारखे फारसे काही नव्हते.

शिकागोतला वेगळा मार्ग

डेट्रॉइटपासून मोटारीने चार-पाच तासांच्या अंतरावर शिकागो आहे. तिथल्या थिएस्टर गेट्सने असेच काम केले, पण आधी कागद हातात घेतले. गेट्सचा जन्म १९७३ चा, आठ बहिणींच्या पाठीवर झालेला एकुलता मुलगा. वडील छपरांवर डांबर घालण्याचे काम करत, ते काम तोही शिकला. पुढे त्याने नगररचना आणि मातीकाम या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतले. शहराच्या दक्षिण भागात, जिथे कोणी घर घ्यायला तयार नव्हते तिथे, २००६ साली त्याने घर घेतले. मग शेजारची पडीक घरे घेत गेला आणि बंद पडलेल्या दुकानांतली पुस्तके आणि तबकड्या आणून त्या घरांत वाचनालय आणि संगीतघर उभे केले. २०१२ साली जर्मनीतील कासेल शहरातल्या प्रदर्शनासाठी त्याने तिथले एक ओसाड जुने घर निवडले आणि शिकागोतल्या पडीक इमारतीतून निघालेले लाकूड आणि इतर सामान तिकडे नेऊन ते दुरुस्त केले.

त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे स्टोनी आयलंड रस्त्यावरची जुनी बँक. १९२३ साली बांधलेली ही भव्य इमारत १९८० च्या दशकापासून बंद होती. तळघरात पाणी, छताला भोके. पाडण्याचे ठरलेच होते. २०१२ साली शहराने ती गेट्सला एका डॉलरला दिली, पण अट घातली की दुरुस्तीचा लाखो डॉलरचा खर्च त्याने उभा करायचा. गेट्सने काय करावे? बँकेच्या स्वच्छतागृहातल्या जुन्या संगमरवरी फरशा काढल्या, त्यांच्या १०० लाद्या करून त्यांवर अक्षरे कोरली आणि स्वित्झर्लंडच्या कलाबाजारात प्रत्येकी ५ हजार डॉलरला विकायला ठेवल्या. मुतारीची फरशी कर्जरोख्यासारखी विकून त्याने इमारत वाचवली!

ऑक्टोबर २०१५ मध्ये बँक लोकांसाठी खुली झाली. आज तिथे कृष्णवर्णीयांची नामांकित मासिके काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेचा ग्रंथसंग्रह आहे, शिकागो विद्यापीठाने दिलेल्या सुमारे ६० हजार काचेच्या चित्रपट्ट्या आहेत, गाजलेल्या संगीतकाराच्या तबकड्या आहेत. काही छतांचा उडालेला गिलावा मुद्दाम तसाच ठेवला आहे. इमारतीने काय सोसले ते दिसावे म्हणून.

गेट्सवरही टीका होते. अशा कामामुळे भाव वाढतात आणि गरीब भाडेकरूंना वस्ती सोडावी लागते, ही भीती बोलून दाखवली जाते. ती खोटी नाही. पण मालकीचा कागद, नोंदलेली संस्था आणि रोज दार उघडणारी माणसे या तीन गोष्टी त्याच्याकडे होत्या आणि इमारत उभी आहे.

चंदीगडकरांनी काय केले?

असा प्रसंग आपल्या देशातही येऊन गेला आहे. नेकचंद सैनी फाळणीत घरदार गमावून भारतात आले आणि चंदीगडला रस्ते निरीक्षक म्हणून नोकरीला लागले. नवे शहर उभारताना जुनी खेडी पाडली गेली होती. त्यांचे अवशेष, फुटक्या बांगड्या, कपबश्या, विजेची मोडकी बटणे सायकलवरून वाहून ते सरकारी जंगलाच्या जमिनीवर, कोणाला न सांगता, वर्षानुवर्षे मूर्ती घडवत राहिले. सत्तरच्या दशकात हे उघडकीला आले. कायद्याने ते अतिक्रमणच होते. पण चंदीगडचे नागरिक पाठीशी उभे राहिले. प्रशासनाने १९७६ साली रॉक गार्डन लोकांसाठी खुले केले, नेकचंदना पगारी जबाबदारी दिली आणि हाताखाली ५० मजूर दिले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

डेट्रॉइटमध्ये गल्ली दुभंगलेली होती, चंदीगडमध्ये शहर एकजुटीने बोलले. सामान दोन्हीकडे भंगारच होते.

आपल्या मोहल्ल्यात

कोकणातल्या गावी जाणाऱ्या वाचकांना बंद घरे दाखवायला नकोत. एक भाऊ मुंबईत, दुसरा आखातात, तिसऱ्याची मुले आणखी कुठे. पडवीचे वासे खाली आले आहेत, कौले फुटली आहेत, जांभ्याच्या भिंतीतून पिंपळ उगवला आहे. मराठवाड्यातल्या जुन्या मोहल्ल्यांत हीच गत वाड्यांची आहे. यांतले एखादे घर किंवा निदान त्याची रस्त्याकडची भिंत मोहल्ल्याच्या उपयोगी लावता येईल. पण हातात ब्रश घेण्याआधी चार कामे करावी लागतील.

पहिले काम कागदाचे. घरपट्टी कोणाच्या नावावर येते, मिळकतीच्या उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत, ते पाहा. वारसांपैकी एकालाही न विचारता केलेले काम पुढे भांडणाचे कारण होते. परवानगी तोंडी नको, लेखी घ्या, आणि किती वर्षांसाठी आहे तेही लिहून घ्या.

दुसरे काम जिवाच्या काळजीचे. पडक्या घरात मुलांना नेऊ नका. आधी जाणकार अभियंत्याला किंवा अनुभवी गवंड्याला दाखवा. भिंत धोकादायक असेल तर बाहेरचे कुंपण किंवा अंगण यावरच थांबा. सिमेंटचे जुने पत्रे मुलांना फोडू देऊ नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. जुना तेलरंग कोरडा घासू नका, त्यात शिसे असू शकते. गंजलेले खिळे मोठ्यांनीच काढायचे.

तिसरे काम शेजाऱ्यांना विचारण्याचे. घर ज्यांच्या समोर आहे त्यांना आधी बोलवा. त्यात बायकांना नक्की बोलवा, कारण दिवसभर ती भिंत त्यांच्याच समोर असते. काय लावायचे, काय नको, हे त्यांना ठरवू द्या. सामानही मोहल्ल्यातूनच जमवा. फुटलेली कौले, जुन्या खिडक्यांच्या रंगीत काचा, दादीजानच्या काळातल्या कपबश्यांचे तुकडे, बांगड्या, सागवानी दाराची फळी. ज्या भिंतीत आपल्या घरचा एक तुकडा बसला आहे, तिच्यावर पान खाऊन थुंकायला माणूस कचरतो.

चौथे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे. पुढच्या पावसाळ्यानंतर निखळलेला तुकडा कोण बसवणार? किल्ली कोणाकडे राहणार? दिव्याचे बिल कोण भरणार? ही नावे उद्‌घाटनाआधी ठरली पाहिजेत. भिंतीच्या आत एक खोली धड असेल तर तिथे मुलांना संध्याकाळी अभ्यासाला बसता येईल, उर्दू-मराठी पुस्तकांचे एक कपाट राहील. दार रोज उघडले जाते त्या घराला कोणी सहसा काडी लावत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत बरीच कुटुंबे गावी जातात, वारसही त्याच दिवसांत एकत्र भेटतात. बंद घराचा विषय तेव्हाच बैठकीत काढावा. ब्रश आणि रंग त्यानंतर आणता येतील, आणि कार्यानुभवाच्या तासाला तयार झालेले हात तर गावात आहेतच.